वासाचे वावडे

जबलपूरच्या कमानिया गेट परिसरात मिळणारी खव्याची जिलबी नवख्या माणसाला प्रथमदर्शनी जळालेली वाटते. तिचा रंग गडद तपकिरी, जवळजवळ काळा. वळसे जाड आणि ओबडधोबड. पाकात मुरल्यावरही आटलेल्या दुधाचा खमंग वास तिच्यात टिकून राहतो. १८८९ साली हरप्रसाद बडकुल यांनी ती प्रथम तयार केली, असे शहरात सांगितले जाते. सव्वाशेहून अधिक वर्षे या शहराने तिच्यावर निरपवाद प्रेम केले आहे. तिचा रंग कोणाला खटकत नाही, वास कोणाला नकोसा होत नाही. हेच शहर पनीर घेताना मात्र ते पांढरेशुभ्र, लुसलुशीत आणि बिनवासाचे असावे असा आग्रह धरते. आणि मुरलेल्या चीजचा तुकडा समोर आला की मान फिरवते.

एकाच दुधाच्या दोन रूपांविषयी एकाच जिभेने असे परस्परविरुद्ध निवाडे द्यावेत, ही गोष्ट गमतीची खरी. पण ती तेवढ्यावर संपत नाही. दुधाचा कोणता पदार्थ व्हावा, तो कोणी करावा, त्यात खऱ्या दुधाला किती वाव राहावा आणि म्हशीमागे राबणाऱ्या घरात अखेर किती पैसे यावेत, हे सारे अशा निवाड्यांतून ठरत जाते. आवडनिवड ही खासगी बाब आहे, असे म्हणून संशोधनाने तिच्याकडे पाठ फिरवणे म्हणूनच योग्य नव्हे.

जबलपूरला ‘संस्कारधानी’ हे नाव विनोबांनी दिले, असे मानले जाते. जिभेलाही संस्कार असतात, आणि ते बहुधा शब्दांतून होतात. दुधाचे रूप पालटण्याचे दोन राजमार्ग आहेत. एक अग्नीचा : बासुंदी, रबडी, खवा, पेढा. दुसरा साकळण्याचा : दही, छन्ना, पनीर, चीज. पहिल्या मार्गाविषयी मराठीत आणि हिंदीत सगळे शब्द गौरवाचे आहेत. दूध ‘आटवतात’, ‘ओटतात’. दुसऱ्या मार्गापैकी विरजणापुरता आदर आहे. त्यापलीकडे मराठीत दूध ‘नासते’ आणि हिंदीत ते ‘फटते’. नासणे या क्रियापदात केवळ घन आणि द्रव वेगळे होण्याचे वर्णन नाही, त्यात हानी आहे, हळहळ आहे, दूध उतू घालवणाऱ्या सुनेवरचा रागही आहे. ज्या घरात सकाळी दूध नासले म्हणजे दिवस बिघडला असे मानले जाते, त्या घराला मुद्दाम नासवलेले आणि वर महिनोन्‌महिने मुरवलेले दूध हे पक्वान्न वाटावे, ही अपेक्षा जरा मोठीच आहे. मराठीत कष्टांचे ‘चीज’ झाले तर आनंद होतो. दुधाचे चीज झाले तर नाके मुरडली जातात.

भोसल्यांच्या काळापासून आणि पुढे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताच्या काळात जी मराठी कुटुंबे जबलपुरात स्थिरावली, त्यांच्या स्वयंपाकघरात ही विभागणी स्पष्ट दिसते. चक्का चालतो, कारण तो विरजणाच्या वाटेने आलेला असतो. खरवस चालतो, नव्हे, त्याची वाट पाहिली जाते. चिकाचा उग्रपणा वेलदोडा आणि गूळ झाकून टाकतात. पनीर मात्र या घरांत उशिरा आले आणि तेही उत्तरेच्या मसाल्याचे बोट धरून. त्यामुळे पनीराची स्वतःची चव काय, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. ते रश्श्यात घातलेले, रश्श्याची चव घेणारे, चावायला मऊ असे काही तरी ठरले. मुलांच्या डब्यात चीजची चौकोनी वडी आली ती त्याहून नंतर. घरातल्या वडीलधाऱ्यांना ती आजही साबणाची आठवण करून देते, आणि नातवंडे तीच वडी वेष्टन सोलून नुसतीच खातात. दोघांपैकी कोणाचेच चुकत नाही.

या वडीविषयी दोन शब्द येथे आवश्यक आहेत, कारण अलीकडे तिला हसण्याची टूम निघाली आहे. परदेशी चीजची नावे तोंडपाठ असलेला नवा रसिक प्रक्रिया केलेल्या चीजला चीज मानायलाच तयार नसतो. हा तोरा निराधार आहे. वाल्टर गर्बर आणि फ्रिट्झ श्टेट्लर यांनी १९११ साली स्वित्झर्लंडमधील थुन येथे हे चीज सिद्ध केले, ते टिकाऊपणाचा प्रश्न सोडवण्यासाठी. तयार चीज सायट्रेटसारख्या क्षारासह वितळवले की त्यातील केसीन आणि स्निग्धांश एकजीव राहतात, उष्णतेने जंतू मरतात आणि मुरण्याची क्रिया थांबते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर नेणाऱ्या जबलपूरसारख्या शहरात, शीतसाखळी अपुरी असताना, चीज नावाची वस्तू किराणा दुकानापर्यंत पोहोचली ती या युक्तीमुळेच. तिची चव सौम्य आहे, एकसारखी आहे, आणि ज्या समाजाला मुरलेल्या वासाचे वावडे आहे त्याला ती रुचली, यात नवल नाही.

प्रश्न सौम्यतेचा नाही. सौम्यता जेव्हा एकमेव कसोटी बनते, तेव्हा प्रश्न सुरू होतो.

जबलपूरचा दुधाचा व्यवसाय मुख्यतः म्हशीवर उभा आहे. शहराभोवती, विशेषतः परियट आणि गौर नद्यांच्या काठी, म्हशींचे मोठमोठे गोठे आहेत. म्हशीच्या दुधात सहा ते सात टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून अधिक स्निग्धांश असतो, केसीन आणि कॅल्शियम गाईच्या दुधापेक्षा जास्त असते आणि कॅरोटीन जवळजवळ नसल्याने रंग पांढरा राहतो. या तीन गोष्टी पनीराला अत्यंत अनुकूल आहेत. शंभर लिटर प्रमाणित म्हशीच्या दुधापासून साधारण वीस ते बावीस किलो पनीर मिळते. गाईच्या दुधापासून सोळा ते अठरा. त्याच दुधाचे चेडर करायला गेले, तर मात्र तीच वैशिष्ट्ये आडवी येतात : दही लवकर आणि कडक बांधले जाते, आम्लता सावकाश वाढते, चीज कोरडे राहते आणि मुरायला अधिक काळ घेते. केसीन व स्निग्धांशाचे गुणोत्तर जुळवून, शिजवण्याचे तापमान कमी ठेवून आणि विरजणाची निवड बदलून यावर उपाय करता येतात. त्यावर देशात बरेच संशोधन झाले आहे. दुसऱ्या बाजूस इटलीतील कांपानिया प्रांताने म्हशीच्या याच दुधातून मोझरेला घडवले आणि त्याच्या पांढऱ्या रंगालाच प्रतिष्ठा मिळवून दिली. म्हशीचे दूध चीजला कमअस्सल आहे, ही समजूत युरोपातील गाईच्या दुधाचा नमुना समोर ठेवल्यामुळे रुजली. नमुना बदलला की दोष गुण ठरतात.

तरीही जबलपूरच्या गोठ्यातील या उत्तम दुधाला पनीराच्या बाजारात ज्याच्याशी झुंजावे लागते, तो प्रतिस्पर्धी दुसरे दूध नाही. तो वनस्पती तेल, दुधाची भुकटी आणि स्टार्च यांपासून बनवलेला पनीरसदृश पदार्थ आहे. असा पदार्थ बनवणे मुळात बेकायदा नाही. तो पनीर म्हणून विकणे बेकायदा आहे, आणि त्याच्या वेष्टनावर तसा स्पष्ट उल्लेख असावा लागतो. परंतु पनीराचा फार मोठा भाग वेष्टनाशिवाय खपतो : कोपऱ्यावरच्या दुकानातील पाण्याच्या टोपात, लग्नाच्या स्वयंपाकात, ढाब्यावरच्या कढईत. तेथे ग्राहकाची जीभ हीच एकमेव तपासनीस असते, आणि त्या जिभेला आपण काय शोधायला शिकवले आहे? पांढरेपणा, मऊपणा, वासाचा अभाव. तेलापासून बनलेला पदार्थ हे तीनही गुण खऱ्या पनीरापेक्षा स्वस्तात पुरवतो. ग्राहकाने स्वतःच अशी परीक्षा योजली आहे, जिच्यात नक्कल पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते.

येथे थोडे रसायनशास्त्र उपयोगी पडते. दुधाच्या स्निग्धांशाला इतर सर्व खाद्य स्निग्धांपासून वेगळे करणारी एक खूण म्हणजे ब्युटिरिक आम्ल. स्निग्धांशात त्याचे प्रमाण तीन ते चार टक्क्यांच्या आसपास असते. पाम तेलात ते नसते. तुपाची शुद्धता ठरवताना प्रयोगशाळेत जे रायचर्ट-माइसल मूल्य काढतात, ते प्रामुख्याने याच बाष्पनशील आम्लाचे मोजमाप होय. ताज्या पनीरात हे आम्ल स्निग्धांशाच्या रेणूत बांधलेले असल्याने नाकाला जाणवत नाही. चीज मुरू लागले की विकरे ते मोकळे करतात, आणि मग जो उग्र, तीक्ष्ण, पहिल्या भेटीत नकोसा वाटणारा गंध येतो, त्यात याच आम्लाचा मोठा वाटा असतो. ज्या वासाला लोक नाके मुरडतात, तो वास म्हणजे दुधाने स्वतःच्या अस्सलपणाविषयी दिलेली साक्ष आहे.

विशेष म्हणजे तुपाच्या बाबतीत हेच लोक अगदी उलट वागतात. जबलपूरच्या बाजारात तूप घेणारी गृहिणी ते तळहाताच्या पाठीवर चोळते, हुंगते, रवा पाहते, आणि वास आला नाही तर भांडे मागे सारते. बिनवासाचे तूप तिला संशयास्पद वाटते. हा संस्कार तिला कोणत्याही संस्थेने दिला नाही, आजीने दिला. पनीर मात्र आजीच्या काळात नव्हते, म्हणून त्याच्या परीक्षेची परंपराच घरात नाही. ताज्या, खऱ्या पनीरालाही स्वतःचा गंध असतो : तापलेल्या दुधाचा मंद सुवास आणि त्यामागे किंचित आंबूसपणा. दुधाचा स्निग्धांश शरीराच्या उष्णतेला तोंडात विरघळतो; तेलाच्या पदार्थाचा मेणचट थर टाळूला मागे राहू शकतो. मसाल्यात बुडवण्यापूर्वी एक तुकडा कच्चा चाखला, तर हा फरक पुष्कळदा लक्षात येतो. पुष्कळदा म्हणजे नेहमी नव्हे. आयोडीनचा थेंबही फक्त स्टार्च दाखवतो, तेल दाखवत नाही, आणि अंतिम निर्णय प्रयोगशाळेचाच. पण चाखण्याची सवय असलेल्या ग्राहकाला फसवणे अवघड जाते, एवढे निश्चित.

यात उत्पादकाचे काय जाते, हे सांगायला हवे. दूध संघ दुधाचा दर स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनपदार्थ यांवर ठरवतो. म्हशीच्या मालकाची सारी भिस्त स्निग्धांशावर असते. ढेप, सरकी, हिरवा चारा यांचा खर्च तो त्याच्याच भरवशावर करतो. किलोभर पनीरामागे सुमारे पाच लिटर दूध लागते. तेलाचा पदार्थ पनीराच्या नावाने जेवढा खपतो, तेवढ्या दुधाची मागणी मुकाट्याने नाहीशी होते, आणि ही घट कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही. एप्रिल २०२५ मध्ये मध्य प्रदेशाच्या दुग्ध महासंघाचे व्यवस्थापन राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोपवण्याचा करार झाला. संकलन वाढवण्याचा त्यामागे उद्देश आहे, आणि तो योग्यच आहे. मात्र वाढीव दुधाचे काय करायचे, हा प्रश्न संकलन केंद्रावर सुटत नाही. तो ताटात सुटतो.

जबलपुरात १९६४ पासून जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे आणि २००९ पासून नानाजी देशमुख यांच्या नावाचे पशुवैद्यकीय विश्वविद्यालय आहे. म्हशीच्या आहारापासून तिच्या वेतापर्यंत सर्व काही मोजणारी माणसे या शहरात आहेत. ग्राहकाची चव मोजण्याची पद्धतही दुग्धशास्त्राला नवी नाही. ‘अत्यंत आवडले’पासून ‘अजिबात आवडले नाही’पर्यंतची नऊ अंकी श्रेणी अमेरिकी सैन्याच्या अन्नसंशोधनातून विसाव्या शतकाच्या मध्यास पुढे आली, आणि आज भारतातील कोणत्याही दुग्धपदार्थावरील प्रबंधात ती आढळते. परंतु ती भरतो कोण? बहुधा विभागातील अध्यापक, पदव्युत्तर विद्यार्थी आणि प्रयोगशाळेतील कर्मचारी. ही मंडळी प्रामाणिक असतात, प्रशिक्षितही असतात. पण कमानिया गेटावर रांगेत उभा राहणारा माणूस, गोरखपूरच्या बाजारात पनीर चेपून पाहणारी स्त्री किंवा डब्यातली वडी सोलणारा मुलगा त्यांच्यात नसतो. शिवाय सरासरी काढली की दोन टोकांची मते एकमेकांना खोडून टाकतात. एखादे चीज निम्म्या लोकांना अतिशय आवडले आणि निम्म्यांना मुळीच आवडले नाही, तर गुणपत्रिकेत ते ‘बरे’ ठरते आणि बाद होते. ज्याच्याविषयी कोणालाच काही वाटले नाही, तेही ‘बरे’ ठरते, आणि बहुतेक वेळा तेच पुढे जाते. सपक पदार्थांची निवड अशा रीतीने शास्त्रशुद्ध मार्गानेच होत राहते.

म्हणून आवडीच्या सरासरीइतकाच नावडीचा तपशील नोंदवला गेला पाहिजे. चीज का नको? उत्तरे वेगवेगळी मिळतील आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असेल. कोणाला रेनेटची शंका असते, आणि ती रास्त आहे. वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने साकळलेले चीज शाकाहारी घराला चालणार नाही. त्याला सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटची माहिती दिली, तर शंका फिटू शकते. पनीरडोडी नावाच्या झुडपाची फळे तर वायव्य भारतात दूध साकळण्यासाठी फार पूर्वीपासून वापरली जात; वनस्पतिजन्य मार्गही या भूमीला अपरिचित नाही. कोणाला खारटपणा सोसत नाही. कोणाला किंमत परवडत नाही : गाईच्या दहा लिटर दुधातून एक किलो चेडर निघत असेल, तर ते डाळीच्या भावात मिळणार नाही. आणि कोणाला खरोखरच तो वास आवडत नाही. या शेवटच्या माणसाचे मन वळवण्याची काही गरज नाही. निळ्या बुरशीचे चीज खाणे हा सुसंस्कृतपणाचा पुरावा नव्हे. बंगालचे धुरावलेले बांदेल, जम्मूची कलाडी किंवा हिमालयातील दगडासारखी छुर्पी न आवडणारा माणूसही तितकाच सभ्य असतो. त्याला काय आवडते, हे विचारायला मात्र हवे.

जबलपूरच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांसमोर आहे. या शहराला करपण्याच्या सीमेवरचा, भाजलेल्या दुधसाखरेचा, तपकिरी स्वाद आवडतो. साकळलेल्या दुधाच्या जगात या स्वादाचा एक नातलग आहे. नॉर्वेतील तपकिरी चीज, ब्रूनोस्ट, निवळी तासन्‌तास आटवून करतात. त्यातली दुग्धशर्करा तपकिरी होते आणि चव पेढ्याच्या इतकी जवळ जाते की भारतीय जिभेला ते चीज म्हणून ओळखूही येत नाही. मुंबईतील एलेफ्थेरिया या छोट्या उत्पादक संस्थेच्या ब्रूनोस्टला २०२१ साली जागतिक चीज स्पर्धेत रौप्यपदक मिळाले. खव्याच्या जिलबीवर वाढलेल्या शहराला चीजची ओळख करून द्यायची, तर ती चेडरपासून का सुरू करावी?

निवळीचा मुद्दा जबलपूरला आणखी एका कारणाने जवळचा आहे. शंभर लिटर दुधाचे पनीर केले की जवळजवळ ऐंशी लिटर निवळी उरते. तिची जैविक ऑक्सिजन मागणी लिटरला तीस ते पन्नास हजार मिलिग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे ती नाल्यात सोडणे हे पाण्याला गुदमरवणेच होय. परियट नदीत गोठ्यांचे शेण आणि सांडपाणी जाते, याविषयी न्यायालयापर्यंत तक्रारी गेल्या आहेत. पनीराचा व्यवसाय वाढवताना त्यात निवळीची भर पडू नये, याची काळजी आधीच घ्यावी लागेल. आटवण्याला इंधन लागते आणि लहान उत्पादकाला ते महाग पडते, ही अडचण खरी आहे. पण दूध आटवण्याचे कसब या शहराच्या हलवायांच्या हातात आधीच आहे. मोठी कढई, सतत फिरणारे खुरपे आणि नेमक्या क्षणी आच काढून घेणारी नजर. ते कसब प्रयोगशाळेने शिकवायचे नाही, प्रयोगशाळेने त्यांच्याकडून शिकायचे आहे.

एक योगायोग येथे नमूद करण्यासारखा आहे. खव्याच्या जिलबीसाठी सांगितले जाणारे १८८९ हेच साल, भारतीय सैन्याची पहिली दुग्धशाळा अलाहाबादला सुरू झाल्याचेही आहे. पुढे अशा लष्करी दुग्धशाळा जबलपूरसह अनेक छावण्यांत निघाल्या आणि २०२१ साली त्या सर्व बंद करण्यात आल्या. छावणीच्या गोऱ्या सैनिकांसाठी लोणी आणि शहराच्या रहिवाशांसाठी खवा, असे दोन दुग्धसंस्कार या गावात दीर्घकाळ शेजारी नांदले आणि एकमेकांशी फारसे बोलले नाहीत. छावणीच्या दुग्धशाळेला कुलूप लागले आहे. कमानिया गेटाजवळची कढई संध्याकाळी अजून पेटते, आणि जिलबी तळून निघेपर्यंत त्या गडद वासाभोवती माणसे थांबून राहतात.